काठीवरचा पोपट

वाहतुकीतलं या शहरात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. हे मी नाही म्हणत. म्हणजे मीच म्हणतो, पण अगदी खात्रीनं म्हणतो! बस आगारात वेळापत्रकं बनवण्यात माझे केस गेले. कुठल्या चौकात बस अडकते, का अडकते आणि अडकल्यावर ड्रायव्हर कुणाच्या नावानं खडे फोडतो, सगळं मला तोंडपाठ. त्यामुळे सरकारनं ‘स्मार्ट वाहतूक सल्लागार समिती’ काढली आणि तिच्यावर एक नागरिक प्रतिनिधी हवा म्हणून जाहीर केलं, तेव्हा मी अर्ज टाकला आणि बायकोला सांगून टाकलं, “आपली निवड झाल्यातच जमा!”

निवड झाली. माझ्या साडूची!

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बाथरूमच्या फरशा विकतो. याला गाडी मागं घ्यायची असली की मेव्हणीबाई मागं उभ्या राहून “या, या, या... अहो, थांबा!” असं ओरडतात, आणि ‘थांबा’च्या आधीच धाडकन आवाज येतो. असला माणूस सरकारी योजनेवर देखरेख करणार! समितीनं मान डोलावली तर शहरभर नवे सिग्नल, नाही डोलावली तर योजना गुंडाळून ठेवायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यात आमच्या घरात दुसरा विषय नाही.

“भावजी समितीवर आहेत हो!” बायको शेजारणीला सांगायची.

“आणि तुमचे हे?”

“हे? हे आगारात असतात.”

‘असतात!’ जुनी खुर्ची असते तसा मी असतो! एकदा, फक्त एकदा तिनं माझ्याबद्दल त्या सुरात बोलावं, एवढंच मला हवं होतं.

एका रविवारी साडू जेवायला आला आणि घास चावता चावता सांगू लागला, “अहो साडूभाऊ, काय तो सिग्नल! खांबावर कॅमेरा. कुणी म्हातारं माणूस सावकाश रस्ता ओलांडत असेल तर खांबाला कळतं! ते पलीकडे पोचेपर्यंत गाड्यांना लाल दिवा. उद्या सकाळी बाजारचौकात चाचणी आहे. मी तर आत्ताच हो म्हणून बसलोय.”

“वा!” सासरे म्हणाले. ते सध्या आमच्याकडेच राहायला आलेले.

माझ्या डोक्यात मात्र चक्र फिरलं. समजा, म्हातारा पलीकडे पोचलाच नाही तर? अर्ध्यातून मागं फिरला, पुन्हा पुढं आला, तर? एकटा म्हातारा अख्खं शहर बंद पाडेल! योजनेचं हसं होईल आणि साडूचंही!

सोमवारी सकाळी सासरे पेपरात डोकं खुपसून बसले होते. मी त्यांचा लांब कोट चढवला, कानटोपी ओढली, काळा चष्मा लावला आणि त्यांची काठी उचलली. काठीच्या मुठीला लाकडी पोपट आहे, चोच जरा मोडलेली. कंबरेत वाकून आरशात पाहिलं. मला स्वतःलाच नमस्कार करावासा वाटला.

चौकात समिती केशरी जाकिटं घालून उभी होती आणि सगळ्यांचे चेहरे पडलेले. रस्ता ओलांडणारे सगळे तरणेताठे! चाचणीसाठी एक म्हातारा मिळेना. अध्यक्षीणबाई घड्याळ बघत म्हणत होत्या, “राहू द्या, रद्द करू या.”

तेवढ्यात त्यांना मी दिसलो. “आले! आले!” साडू आनंदानं ओरडला.

घ्या! गप्प घरी बसलो असतो तर चाचणी आपोआप बारगळली असती! पण आता मागं कसं फिरणार? मी रस्त्यात उतरलो. खांबानं मला बरोब्बर ओळखलं आणि लाल दिवा धरून ठेवला. समितीनं टाळ्या वाजवल्या. मी मध्यावर पोचलो आणि मागं वळलो. पुन्हा पुढं. पुन्हा मागं. दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या, हॉर्नचा कल्लोळ झाला, एक टेम्पोवाला टपावर चढून मला हात जोडू लागला. मी मनातून खूश! आणि तेवढ्यात खांब बोलला.

“कृपया लवकर चला.”

मी दुर्लक्ष केलं.

“कृपया लवकर चला. कृपया लवकर चला.”

माझं टाळकंच सरकलं. काठी उगारून मी ओरडलो, “ए खांबा! घरी बायको म्हणते, आवरा लवकर! ऑफिसात साहेब म्हणतो, उरका लवकर! आता तूसुद्धा? म्हाताऱ्या माणसाला ‘सावकाश या’ म्हणायला तुझ्या बापाचं काय जातं?”

साडू धावत आला. मला धरून म्हणाला, “आजोबा, घाबरू नका, मी आहे ना!” कुणीतरी फोटो काढला. “पण या वयात ऑफिस?”

“सवय!” मी खोकलो.

अध्यक्षीणबाई मात्र भारावल्या होत्या. “आजोबा, इतक्या बैठका झाल्या, पण हे आम्हाला कुणाला सुचलं नाही! आता खांब ‘सावकाश या’ असंच म्हणेल. योजना मंजूर!”

माझा सल्ला! सरकारनं ऐकला! छाती फुगली, टोपी काढून नाव सांगायला हात वर गेला, आणि समोरून वाहतूक पोलीस आला.

“कोण तो रस्ता अडवणारा?”

मी काठी काखेत मारून जी धूम ठोकली, ती थेट घरी. मागून साडूचा आवाज ऐकू आला, “बघा, आजोबांना किती बळ आलं!”

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मेव्हणीबाई आणि साडू पेपर घेऊनच घरात शिरले.

“बाबा!” मेव्हणीबाईंनी फोटोतल्या पोपटावर बोट ठेवलं. “ही मोडकी चोच! तुम्ही होता?”

सासऱ्यांनी फोटो पाहिला. काठीच्या टोकाचा चिखल पाहिला. मग सावकाश माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं पंख्याकडे पाहिलं.

“हो,” सासरे म्हणाले, “मीच!”

आयत्या बिळावर नागोबा! पण बोलणार काय? खरं सांगावं तर बायकोसमोर शोभा आणि वर पोलीस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

“बाबा, अध्यक्षीणबाई कालपासून तुम्हाला शोधतायत!” साडू म्हणाला. “ज्येष्ठांचे प्रतिनिधी म्हणून समितीवर घ्यायचंय!”

“अगं बाई!” बायकोचे डोळे भरून आले. “आमच्या घरात दोन दोन सल्लागार!” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बघा, या वयात बाबांचं डोकं कसं चालतं! शिका काहीतरी!”

म्हणजे काठीला पोपट होताच, आता माझाही झाला.

समितीची बैठक दर महिन्याला असते. साडूला गाडी मागं घेता येत नाही आणि सासऱ्यांना दिसतं कमी, म्हणून बायकोनं न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे दिलंय. गाडी मी चालवतो. मागं बसून सल्ला ते दोघं देतात!