चौकटीशिवायची जाळी

नवऱ्याला खरं काय ते सांगून टाकावं, असं जाळीवालीला दवाखान्यातून घरी आल्या आल्या वाटलं, आणि तिथंच सगळं बिघडलं. गप्प बसली असती तर माणूस थोडाफार कण्हला असता आणि मुकाट्यानं बरा झाला असता. पण गप्प बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. (गप्प बसणाऱ्या बायकांना भाजीवाला हटकून किडकी भाजी देतो, असं तिचं मत होतं.)

नवरा-बायकोचा धंदा खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवायचा. कापायची तिनं, शिडीवर चढून बसवायची त्यानं. शिडी खांद्यावर वाहून वाहून त्याच्या जांघेत हर्नियाची गाठ आली. वर्षभर तो ती गाठ बोटानं आत ढकलत हिंडला, जशी काही खिशातली सुपारीच. शेवटी तिनं मानगूट धरून नेलं आणि ऑपरेशन करून आणलं. ऑपरेशन झकास झालं. माणूस स्वतःच्या पायांनी रिक्षातून उतरला, पलंगावर टेकला, आणि तेव्हा ती म्हणाली,

"अहो, डॉक्टरांनी आत काय बसवलंय माहितेय का? जाळी! आपल्याच धंद्यातली."

तो खूश होईल असं तिला वाटलं होतं. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"जाळी? कुणी बसवली?"

"डॉक्टरांनी. दुसरं कोण, प्लंबरनं?"

"किती वेळ लागला?"

"तासभर असेल."

"तासाभरात कापणं, बसवणं, सगळं? आणि चौकट?"

"चौकट नसते म्हणे. पोटाच्या आतल्या भिंतीलाच टाके मारतात."

"ओली भिंत," तो छताकडे बघत म्हणाला, "आणि चौकट नाही."

एवढं बोलून तो आडवा झाला तो झालाच.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरातल्या घरात चाला, भरपूर पाणी प्या, पालेभाजी खा, संडासला कुंथू नका आणि जड काही उचलू नका. त्यातलं फक्त शेवटचं त्यानं धरून ठेवलं.

"उठा, चार पावलं टाका."

"जड उचलायचं नाही म्हणालेत."

"चालायला सांगतेय हो, पिंप उचलायला नाही!"

"मी काय हलका आहे? उठायचं म्हणजे मला मलाच उचलावं लागणार."

यावर जगातला कोणता वकील काय बोलणार? ती तणतणत स्वयंपाकघरात गेली आणि भांड्यांवर राग काढला.

एक हात तो कायम त्या जागेवर दाबून ठेवायचा. शिडीवर असताना स्क्रू सापडेपर्यंत जाळीचा कोपरा दाबून धरतात ना, अगदी तसा. कूस बदलणं बंद. हसणं बंद. खोकला आला तर गिळायचा. पाणीसुद्धा बेताचं, का तर संडासला जायला उठावं लागेल.

"आपल्या जाळ्या निघतात ना गं?" एकदा त्यानं हळूच विचारलं. "गिऱ्हाइकं येतात की ओरडत. मग ही नाही निघणार कशावरून?"

"आपल्या निघतात त्या तुमच्या हातामुळे," ती फाडकन म्हणाली. "डॉक्टर तुमच्यासारखे वेंधळे नाहीत."

त्यानं मान वळवून भिंतीकडे केली.

आणि मग ती शिंक. नाक दाबून पाहिलं, जीभ टाळ्याला लावून पाहिली, पण येणारी शिंक काही थांबेना. तेव्हा त्याच्या तोंडून कामावरची आरोळी निघाली, "पकड! पकड गं!"

इतक्या वर्षांची सवय. ही आरोळी ऐकली की हातातलं टाकून जाळी दाबायला धावायचं, एवढंच तिच्या अंगात मुरलेलं. कढईतली भाजी तशीच टाकून ती धावली आणि पलंगावर एक गुडघा रोवून दोन्ही तळहातांनी त्याची जांघ गच्च दाबून धरली. शिंक आली. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. जाळी जागची हलली नाही.

दारात मात्र मोठी नणंद उभी होती, भावाला बघायला आलेली, हातात केळी.

"अगं बाई!" नणंद म्हणाली. "दिवसाढवळ्या? आणि दार सताड उघडं टाकून?"

"वन्सं, शिंक आली होती त्यांना!"

"आमच्याकडेही शिंकतात हो माणसं," नणंद म्हणाली. केळी उंबऱ्यावर ठेवून ती तशीच मागं फिरली. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका जाळीवालीच्या नवऱ्याची तब्येत विचारताना पदर तोंडाला लावायला लागल्या.

पण तिला त्याचं काही वाटलं नाही. वाटत होतं ते वेगळंच. नुसतं पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गाठी होतात, हे डॉक्टर दोनदा बजावून बोलले होते. पायांवर पांघरूण घालताना तिनं त्याच्या पोटऱ्या चाचपून पाहिल्या. शिडीच्या पायऱ्या सटासट चढणारे पाय ते, थंडगार पडले होते. बाहेर ती शिडी भिंतीला टेकून एकटीच उभी होती. जाळीवाली तिच्याकडे बघत राहिली, मग डोळे पुसून म्हणाली, "थांब, तुझ्या नवऱ्यालाच उठवते." (शिडीच त्याची खरी बायको, असं ती भांडणात नेहमी म्हणायची.)

त्याच्या पलंगासमोरच्या खिडकीची जाळी कित्येक वर्षं फाटकी होती. सगळ्या वस्तीला जाळ्या बसवणाऱ्याच्या घरात डास गाणी म्हणत फिरायचे. तिनं शिडी आत आणली, त्या खिडकीला लावली, पदर खोचला आणि चढली. नवी जाळी हातात घेतली. मुद्दाम तिरपी धरली.

पलंगावरून आवाज आला, "तिरपी आहे."

तिनं खिळा घेतला आणि ठोकला.

"अगं, आधी वरचा कोपरा! खालून सुरुवात करतं का कुणी?"

तिनं खालीच दुसरा खिळा ठोकला.

"ताण कुठंय? ताण दे! माझ्या डोळ्यांदेखत... अगं सोड! सोड ती हातोडी! उतर खाली!"

शेवटचं वाक्य तिला अगदी पायाशी ऐकू आलं. खाली बघते तर नवरा शिडीपाशी उभा, एका हातात जाळीचा कोपरा, दुसऱ्यात खिळे. जांघेवर एकही हात नव्हता.

"उठलात?" ती वरूनच म्हणाली.

त्यानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग जांघेकडे. जरा वेळ दोघं श्वास रोखून वाट बघत होती, काहीतरी निघून पडतंय की काय म्हणून. काही पडलं नाही.

"ओढतंय थोडं," तो म्हणाला. "पण धरलंय."

त्या दिवशी तो पाणी प्यायला स्वतः उठला. मग संडासला. तिथून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला होता की तिनं देवाला हात जोडले.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी जखम पाहिली. "उत्तम! कोरडी आहे, सूज उतरतेय. चालणं चालू ठेवा. एवढ्यात शिडी-बिडी उचलायची नाही."

"डॉक्टर," ती पुढं सरकली, "एक सांगा. चौकटीशिवाय जाळी टिकते कशी?"

डॉक्टर हसले. "भोकापेक्षा चांगली मोठी कापतो आम्ही. चारी बाजूंनी भरपूर जास्त. मग आपलंच मांस तिच्यात भरून येतं आणि ती पक्की होते. कापताना कंजूषी केली तर मात्र खरं नाही."

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "याला म्हणतात काम!"

"तुम्ही जाळीवाले ना?" डॉक्टरांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "मग जरा ही बघाल? पडदा लागला तरी निघते. कुणी बसवली, आमच्यात कुणाला आठवत नाही."

नवरा खिडकीपाशी गेला. त्यानं लोंबणारा कोपरा उचलला, चौकटीवर लावून पाहिला. दोन बोटं कमी. काठावर निळ्या खडूची फुली होती. कापताना अशी फुली वस्तीत एकच बाई करायची.

"बसवलीय चांगली," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "खिळे बघा, एकही हललेला नाही. कापणाऱ्यानं हात आखडता घेतलाय."

"काय माणसं असतात एकेक," डॉक्टर म्हणाले.

जाळीवालीला एकाएकी पिशवीत काहीतरी शोधायचं होतं. रस्त्यावर येईपर्यंत ते सापडलं नाही.

बाहेर आल्यावर तो हसायला लागला. आधी खांदे हलले, मग पोट, मग सगळा माणूसच गदागदा हलायला लागला. जागेवर हात नाही, काही नाही.

"पुरे! हसू नका एवढं," ती घाबरून ओरडली. "जाळी निघेल!"

"नाही निघत," तो डोळे पुसत म्हणाला. "ही तू कापलेली नाही."