सौम्य मार्गावरची अंडी

माणसाला निसर्गाच्या सान्निध्यात जायचे असेल, तर निसर्गाने आधी थोडे आवरून बसायला हवे. पाहुणे यायचे म्हटले की आपणसुद्धा दोरीवरचे कपडे काढतो. मग एवढ्या मोठ्या तळ्याने आणि त्याच्या काठच्या शेतांनी तेवढे का करू नये, असा सरळ विचार सरोवर सायकलमार्ग मंडळाने केला. मंडळावर सहा जण होते आणि सहाही जण निसर्गप्रेमी होते. सहाही जणांच्या खोल्यांच्या खिडक्या तळ्याच्या विरुद्ध बाजूला होत्या (पाण्यावरून येणाऱ्या उजेडाने कामात लक्ष लागत नाही).

तळ्याच्या काठाकाठाने एक जुना रस्ता जात असे. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला कुरणे आणि फळबागा, चढ नावालाच. अशा रस्त्यावर सायकल चालवता येईल, ही कल्पना जगाच्या पाठीवर सर्वप्रथम मंडळाला सुचली. लगेच मंडळ मोटारीने पाहणीला निघाले. वाटेत सायकलवाले सारखे आडवे येत होते. त्यांना हॉर्न वाजवून बाजूला काढत काढत, रस्ता सायकलींसाठी योग्य असल्याचा निष्कर्ष एकमताने काढण्यात आला.

मार्ग सौम्य आहे की नाही हे ठरवण्याची मंडळाची पद्धत शास्त्रशुद्ध होती. संचालकांच्या मांडीवर चहाने काठोकाठ भरलेला कप ठेवायचा आणि गाडी चालू करायची. चहा सांडला नाही तर मार्ग सौम्य, बशीत सांडला तर मध्यम, विजारीवर सांडला तर साहसी. प्रत्यक्ष सायकल चालवून पाहावी, असे कोणीतरी सुचवले होते, पण सायकलवर कप धरता येत नसल्याने ती सूचना अशास्त्रीय ठरली. त्या दिवशी चहा एकदाच सांडला. वळणावर समोरून एक म्हातारी सायकलवरून आली आणि चालकाला ब्रेक दाबावा लागला. अहवालात याची नोंद 'मार्गदोष' अशी न होता 'अडथळा (सजीव)' अशी झाली.

त्या वेळी मागच्या सीटवर बसलेले मार्ग अधिकारी वाकून बुटाची नाडी बांधत होते. बुटांना नाड्या नव्हत्या. पण समोरची म्हातारी त्यांची मावशी होती.

आई लहानपणीच गेल्यावर या मावशीनेच त्याला वाढवले होते. (मार्ग अधिकाऱ्यांना 'अहो-जाहो' केवळ कचेरीच्या आवारात लागू आहे.) मावशीच्या कोंबड्या होत्या. तळ्याकाठच्या घराघरांत ती सायकलवरून अंडी पोचवायची आणि हा पुढच्या दांडीवर बसून घंटी वाजवायचा. म्हणजे ज्या रस्त्याचा तो अधिकारी झाला, त्याच रस्त्यावर तो लहानाचा मोठा झाला होता. नोकरीच्या अर्जात 'अनुभव' या शब्दापुढे त्याने हे लिहिले नाही, हे त्याच्या व्यवहारज्ञानाला धरूनच होते.

मार्ग झाला, फलक लागले, कठडे रंगले. आता नियम हवेत. ते करण्याचे काम मार्ग अधिकाऱ्याकडे आले आणि त्याने जीव ओतून ते केले. मुख्य प्रश्न होता तो सायकलस्वार कोणाला म्हणावे हा. त्याने केलेली व्याख्या आजही आदर्श मानली जाते: जो जिथून निघाला तिथेच परत येतो आणि मधल्या वेळात कोणाच्याही उपयोगी पडत नाही, तो सायकलस्वार. जो कुठेतरी पोचतो, ती वाहतूक. शाळेत शिकवायला जाणारे मास्तर, दाढ्या करायला जाणारा न्हावी, आजारी बहिणीला बघायला निघालेली बाई, पत्रे, दूध, भाजी, अंडी, ही सगळी वाहतूक झाली. सायकलमार्गावर वाहतुकीला अर्थातच मनाई हवी. तिच्यासाठी मागच्या टेकडीवरून जाणारा रस्ता नेमून देण्यात आला. टेकडीच्या रस्त्यावर कपाची चाचणी झाली नाही (चहा संपला होता).

संचालकांनी त्याची पाठ थोपटली. सही वाळल्यावर मात्र त्याला मावशीचा दुखरा गुडघा आठवला.

रविवारी तो तिच्याकडे गेला. मावशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ओल्या फडक्याने एकेक अंडे पुसत होती. तिने त्याला नाडी नसलेल्या बुटांविषयी काही विचारले नाही. त्याने नियम वाचून दाखवला, आणि जमेल तेवढा मऊ आवाज लावून दाखवला.

"म्हणजे सायकलच्या रस्त्यावर सायकल चालवायची नाही," मावशी म्हणाली.

"चालवायची गं. पण कुठं जायचं नाही."

"मग चालवायची कशाला?"

"आनंदासाठी."

मावशीने हातातले अंडे खिडकीच्या उजेडात धरून पाहिले. "मला होतो की आनंद. अंडी पोचली की होतो." मग अंडे टोपलीत ठेवत ती म्हणाली, "टेकडी या गुडघ्यानं चढायची नाही, धाकट्या. तो रस्ता गेला की माझं सगळं गेलं. तुझ्या साहेबांना तेवढं सांग."

"बघतो," तो म्हणाला. हा शब्द तो कचेरीत शिकला होता. त्याचा अर्थ मावशीला माहीत नव्हता, म्हणून तिला धीर आला.

मार्ग लोकांनी डोक्यावर घेतला. शहरातून झुंडीच्या झुंडी येऊ लागल्या. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर भोपळ्याच्या फोडींसारखी शिरस्त्राणे, आणि चेहऱ्यावर जन्मठेपेच्या कैद्याचा असतो तो आनंद. सगळे जिथून निघाले तिथे परत येत होते. पण हंगाम संपत आला तशा तक्रारी सुरू झाल्या. परिसर सुंदर आहे, पण खेडे कुठे आहे, असे लोक विचारू लागले. दर दहातल्या सात पाहुण्यांना ग्रामीण भाग ओसाड वाटला. उरलेल्या तिघांना काही वाटले नाही (ते किती ऊर्जा जळली ते बघत होते). गावकऱ्यांना हाकलून दिल्यावर गाव रिकामे का दिसते, या कोड्याने मंडळाच्या नाकी नऊ आले. शेवटी बाहेरून एक सौंदर्य सल्लागार बोलावले गेले. त्यांनी चार महिने अभ्यास करून सांगितले की, मार्गावर ठरावीक अंतराने 'सजीव ग्रामीण घटक' बसवावेत.

आयुष्यात पहिल्यांदाच मार्ग अधिकारी बैठकीत उभा राहिला. माझ्या माहितीत एक घटक आहे, असे तो म्हणाला. आपल्या धाडसाने त्याचेच कान तापले.

अशा रीतीने मावशीला तिच्याच रस्त्यावर परत नेमण्यात आले. अटी सोप्या होत्या. सायकल जुनीच हवी, पण जुनेपण नीट दिसेल अशी रंगवलेली. वेग असा की फोटो हलू नये. पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत जायचे आणि कुठेही न पोचता परत फिरायचे. टोपलीत अंडी दिसली पाहिजेत, मात्र खरी नकोत. खरी अंडी फुटतात, शिवाय ती पुरेशी पांढरी नसतात. मंडळाने लाकडाची करवून घेतली. शेवटची अट, पाहुणा जवळून जाताना घटकाने हसायचे.

"आणि घरांना अंडी कोण पोचवणार?" मावशीने विचारले.

ते योजनेत नव्हते. पण मावशी त्यावर अडून बसली नाही, याचे भाच्याला आश्चर्य वाटले. महिनाभराने तिच्या टोपलीला त्याचा हात लागला तेव्हा उलगडा झाला. वर एक थर लाकडाचा होता. खाली गवतात खरी अंडी होती, आणि कठड्याला टेकून 'फोटोसाठी' थांबल्यासारखे करत मावशी ती घराघरांतल्या ओळखीच्या हातांत देत होती. सरकारी मार्गावर, सरकारी सायकलवरून, दिवसाढवळ्या वाहतूक चालू होती. त्याने लाकडी अंडी नीट रचून ठेवली आणि मूग गिळून गप्प बसला. मंडळाच्या इतिहासात एवढे शौर्य दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही. तो त्या दिवसांत खरोखर सुखी होता. सकाळी कचेरीत मुद्दाम मागच्या खोलीत जाऊन, माळ्याखालच्या फटीतून तो तळ्याकडे बघायचा.

पण सौंदर्य सल्लागारांनी आणखी एक सुधारणा सुचवून ठेवली होती. प्रत्येक घटकाला पाहुण्यांनी तारे द्यायचे. पाच तारे म्हणजे अस्सल. सरासरी चाराच्या खाली गेली की घटक बदलायचा. पहिल्या वळणावरच्या मेंढपाळाला कायम पाच मिळत (तो बेकार नट होता आणि मेंढ्यांना घाबरत असे). मावशी चारावर कशीबशी टिकून होती. कारण गुडघा. बागेपाशी तो नावाला असलेला चढ लागे, जो संचालकांच्या कपाला जाणवला नव्हता. तिथे तिचा गुडघा असा काही ठणके की दात आवळून पायडल मारावे लागे, आणि आवळलेल्या दातांनी हसू येत नाही.

"तेवढ्या चढाला हसत जा की गं मावशी, हात जोडतो तुला," त्याने एका रविवारी विनवले.

"चढ संपला की हसते रे," ती म्हणाली. "तोवर ते पुढं गेलेले असतात."

त्या दुसऱ्या हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात तिची सरासरी चाराच्या खाली गेली. फार नाही, कोणा एका पाहुण्याने एक तारा कमी दिला तेवढ्याने. पत्र मार्ग अधिकाऱ्यालाच काढावे लागले. त्याने 'बघतो' असे दोनदा म्हटले, पण आता ऐकणारे सगळे कचेरीतलेच होते आणि त्यांना त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. त्याने सही केली. पत्र टपालाने पाठवले, आणि टपाल वाहतुकीत मोडत असल्याने ते टेकडीवरून गेले. मावशीने महिनाभर टेकडीवरून सायकल ढकलत नेऊन पाहिली, मग कोंबड्या विकल्या. आता ती खिडकीशी बसलेली असते. भाचा रविवारी येतो, तेव्हा ती त्याला काही विचारत नाही, आणि त्याला त्याचे फार वाईट वाटते. तिच्या जागी तरुण बाई आली आहे. ती चढावरही हसते. तिची सायकल बॅटरीवर चालते.

तो एक तारा कोणी कापला, याची चौकशी मंडळाने केली नाही. तशी गरजही नव्हती. त्या दिवशी तळ्यावरून वारा छान येत होता, तुम्ही सायकल भाड्याने घेतली होती, आणि पुष्कळ दिवसांनी तुम्हाला मोकळे वाटत होते. बागेपाशी ती म्हातारी तुमच्या पुढे होती. तुम्ही घंटी वाजवलीत आणि ती बाजूला झाली. संध्याकाळी पाय वर करून बसल्यावर तुम्ही लिहिलेत की मार्ग उत्तम, हवा उत्तम, माणसे मात्र जरा घुमी वाटली.