बिनडोक स्क्रू

फौजेच्या वर्कशॉपात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला देवळातलं आरतीचं मशीन काय जड जाणार? अशा थाटात मी, कृष्णात, त्या सकाळी नाथबाबाच्या देवळात शिरलो!

मशीन दिलं होतं माझ्या जिवलग मित्रानं, दादासोनं. आमच्या विटा भागातले कितीतरी गडी परमुलखात सोनं गाळायची दुकानं चालवतात. दादासोचं मदुराईला. वडील गेले, त्यांच्या नावानं त्यानं हे मशीन पाठवलं. बटण दाबलं की मोटर शाफ्ट फिरवते, शाफ्टवरचे लोखंडी हात नगारा बडवतात नि घंटा वाजवतात. आज पहिल्या आरतीला तो स्वतः येणार होता.

चालू करून बघितलं, तर घंटा घणघणतेय आणि नगारा मुका!

"सेट स्क्रू ढिला झालाय," मी जाहीर केलं. जमलेल्यांना समजावूनही सांगितलं, "ह्यो बिनडोक स्क्रू असतो. भोकात पुरता आत जातो नि शाफ्टवर टोक रोवून बसतो. ढिला झाला की शाफ्ट एकटाच फिरतो, हात जागच्या जागी. निवडून आलेल्या मेंबरासारखा!"

लोक हसले. मला चेव आला! स्क्रू काढून सगळ्यांना दाखवायला गेलो, तर तो तळहातावरनं उडाला तो थेट गटारात!

"आता रं?" देवळाची झाडलोट करणाऱ्या रंगुबाईंनी विचारलं.

"आवं, त्यात काय!"

घरनं ट्रॅक्टरचा एक बोल्ट आणला. आटे जुळले. फक्त डोकं बोटभर बाहेर राहिलं. फिरत्या शाफ्टवर असं काही बाहेर ठेवायचं नसतं. फौजेत याच गोष्टीवरनं मी नव्या पोरांना किती झापलंय! त्या डोक्यामुळं मशीनचं झाकणही बसेना. काढून बाजूला ठेवलं. एका आरतीपुरतं तर होतं!

दादासो आला. डोक्याला वडिलांचा लग्नातला फेटा, गुलाबी, जरीच्या काठाचा. मला मिठी मारून म्हणाला, "गड्या, तू हायस म्हणून मला घोर न्हाई."

आरती सुरू झाली. नगारा असा दणाणला, की शिखरावरची कबुतरं शेजारच्या गावाला गेली! दादासोचे डोळे भरून आले. मशीनवर वडिलांच्या नावाची पाटी होती, तिला हात लावून पाया पडायला तो वाकला. फेट्याचं पाठीवर सोडलेलं टोक, शेमला, खांद्यावरनं घसरला, आणि बोल्टाच्या डोक्यानं तो शेमला पकडला!

फेटा भराभर उलगडत शाफ्टवर गुंडाळायला लागला. दादासो भोवऱ्यासारखा गरगर फिरला! लोकांना वाटलं, अंगात आलं!

"नाथबाबाच्या नावानं चांगभलं!" बायका त्याच्या पाया पडायला सरसावल्या.

"आरं, बटण! बटण!" दादासो ओरडत होता, पण नगाऱ्यापुढं ऐकतंय कोण! मी गर्दीतनं झेपावलो आणि वायरच उपटली.

सगळं शांत झालं. दादासो बोडक्या डोक्यानं फरशीवर धापा टाकत बसलेला. शाफ्टवर काळ्या ग्रीसनं माखलेल्या गुलाबी चिंध्या.

"लागलं का रं?"

"न्हाई," तो म्हणाला. मग कितीतरी वेळ बोटांनी जरीचा काठ सोडवत राहिला. त्यानं मला चार शिव्या घालायला हव्या होत्या. घातल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

घरी आलो तर बायको, राजेश्वरी, वाटच बघत होती. "स्क्रूला डोकं नव्हतं त्येच बरं हुतं. तुमाला असाय पायजे हुतं!"

दादासो मदुराईला परत गेला. मागं राहिलेला तो फेटा मी धुतला नि रफूवाल्याच्या शोधात पार साताऱ्यापर्यंत हिंडलो. ग्रीस निघालं, पण फाटलेला जरीचा काठ काही जुळला नाही. कुठल्या तोंडानं त्याला कळवू? मशीन तेव्हापासून बंदच, रोज संध्याकाळी नगारा मीच बडवतो.

काल आरतीतच त्याचा फोन आला.

"नगाऱ्याचा आवाज येतुय रं! मशीन झालं व्हय दुरुस्त?"

"न्हाई, हातानंच वाजवतुय. पर तू काळजी करू नगंस. उद्या मीच उघडून बघतू..."

"आरं थांब!" तो एवढ्या जोरात ओरडला, की आरती म्हणणाऱ्या पुजाऱ्यानंही मागं वळून बघितलं. "तू हातानंच वाजव!"