दशहरीच्या पायाची चौकशी

रविवारी आमच्या स्वयंपाकघरातून रश्श्याचा वास सुटला की शेजारच्या रामटेकेताई अंगणात येऊन आपल्या कोंबड्या मोजतात. कोंबडी एकच आहे. तरी मोजतात. मग कुंपणावरून आमच्या खिडकीत बघत विचारतात, "जगदाळेभाऊ, बाजारातून आणली का? पावती असेल ना?"

"चिकनची कोण पावती देतं, ताई?"

"मी आरोप करून नाही राहिले. मी फक्त विचारून राहिले."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सारा जन्म त्यांनी एका सरकारी कार्यालयाच्या दक्षता विभागात काढला. समोरचा माणूस हसून नमस्कार करतोय म्हणजे त्याची फाइल काढून बघायला हवी, ही तिथली शिकवण. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, ताई विभागच घेऊन आल्या. लखनौच्या अलीगंजातल्या आमच्या गल्लीत भाजीवाला सब्जी तोलायला लागला की त्या म्हणतात, "भैया, अंगूठा हटाइए." तो बिचारा सांगतो, "आंटी, काँटा इलेक्ट्रॉनिक है." ताई म्हणतात, "अंगूठा फिर भी हटाइए."

गल्लीत मराठी घरं दोनच. त्या नागपूरच्या, आम्ही साताऱ्याचे. हवाई दलातून निवृत्त होऊन मी इथेच स्थिरावलो. बायकोच्या, म्हणजे सुनंदाच्या मते, स्थिरावलो म्हणजे खुर्चीत. परमुलखात मराठी माणूस भेटला की गळ्यात पडतो असं मी ऐकलं होतं. ताईंनी पहिल्या भेटीत माझं ओळखपत्र मागितलं, आणि फोटोतला माणूस जास्त बरा दिसतो, अशी शंकाही नोंदवली.

कोंबडीचं नाव दशहरी. ताईंच्या निवृत्तीच्या आठवड्यात मलिहाबादच्या कुणा बागवाल्याने दशहरी आंब्यांची पेटी पाठवली. ताईंनी नोकरीत कुणाचा पेढासुद्धा घेतलेला नव्हता. पेटी तशीच परत गेली. पण आत, पेंढ्याच्या कोपऱ्यात, एक पिवळं पिल्लू निघालं ते मात्र राहिलं. "पिल्लू चुकून आलं होतं," ताई आजही कुणी न विचारता सांगतात, "चुकून आलेल्याला भेट म्हणत नाहीत."

तर ही दशहरी आता म्हातारी झाली. अंडी देणं तिने केव्हाच सोडलं होतं, यंदाच्या थंडीत ती लंगडायला लागली. सकाळी एक पाय पोटाशी घेऊन उभी राही आणि जगाकडे एका डोळ्याने बघे.

ताईंनी मला स्कूटर काढायला लावली. शालीत गुंडाळलेली दशहरी मांडीवर घेऊन त्या मागे बसल्या.

"भाऊ, तो खड्डा मुद्दाम घेतला का?"

"ताई, लखनौत खड्डा आपण घेत नाही, खड्डा आपल्याला घेतो."

"मी फक्त विचारून राहिले."

जनावरांचा डॉक्टर तरुण होता. त्याने सांधा दाबला, पंजा उलटा करून बघितला. "आंटी, जोड़ सूजे हुए हैं. उमर है, वज़न भी है. लेकिन तलवे में ये ताज़ी चोट है. ऊँचाई से कूदती है क्या?"

"नहीं. ज़मीन पर सोती है."

"पक्का?"

हा प्रश्न आयुष्यभर ताईंनी लोकांना विचारला होता. त्यांना तो विचारणारा पहिलाच भेटला. त्यांनी डॉक्टरकडे असं बघितलं की तो मुकाट्याने औषध लिहू लागला. सकाळी कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचे, खाली पेंढ्याची जाड गादी, दाणापाणी चोचीच्या उंचीवर, गुळगुळीत फरशी नको, उडी तर अजिबात नको. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "चोट ऐसे ही लगती रही, तो महीने भर में खड़ी नहीं हो पाएगी."

परतीच्या वाटेवर ताई दोन्ही हातांनी शाल घट्ट धरून बसल्या. घराच्या फाटकाशी उतरल्यावर म्हणाल्या, "म्हणजे कुणीतरी पाडून राहिलं तिला."

त्याच दिवशी चौकशी सुरू झाली. लाल कापडी बांधणीचं रजिस्टर उघडलं गेलं. संशयित क्रमांक एक, मी. कारण माझ्याकडे हेतू होता. संशयित क्रमांक दोन, सुनंदा. कारण मसाला ती वाटते. क्रमांक तीन, गल्लीतला बोका. त्याच्या नावापुढे 'पत्ता अनिश्चित' असं लिहिलं होतं.

सुनंदा भडकली. "अहो ताई, ह्यांना आजवर घरातला एक उंदीर मारता आला नाही, हे कोंबडी पाडणार?"

निर्दोष सुटलो म्हणून आनंद मानावा की अपमान, मला कळेना. आमची कॉलेजातली मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. ती म्हणाली, "पापा, सच-सच बता दो. हम लोग संभाल लेंगे."

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला चौकशी समितीवर घेतलं.

"पण मी तर संशयित आहे!"

"म्हणूनच. संशयित समितीत असला की डोळ्यांसमोर राहतो."

समितीचं कामकाज रोज सकाळी त्यांच्या ओसरीवर चाले. घमेल्यात कोमट पाणी. ताई पंजे चोळत, मी कोंबडी धरून बसे. आजवर माझा कोंबडीच्या तंगडीशी संबंध आला तो ताटातच, त्यामुळे हात कुठे ठेवावा हे समजत नसे. दशहरी माझ्यावरची नजर हटवत नसे. लग्नाच्या बैठकीत माझ्या सासऱ्यांनी माझ्याकडे असंच बघितलं होतं.

मग तपास. कुंपणाची उंची मोजली. ओसरीवर रांगोळीची पूड पसरून पावलं उमटतात का ते पाहिलं. उमटली ती माझी. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी चपलेकडे. इतकं करूनही रोज सकाळी तळव्याला नवीन मुका मार असेच. खुराड्याला कडी होती, अंगणाला जाळी होती. मीही हळूहळू लोकांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. दूधवाल्याला एकदा विचारलं, "भैया, आप मुर्गी खाते हो?" त्याने दुसऱ्या दिवसापासून दूध फाटकाबाहेर ठेवायला सुरुवात केली.

आणि एका सकाळी दशहरी घमेल्यातच कलंडली. उठायला गेली, पाय फाकले, पुन्हा कलंडली. मग पंख पाण्यात पसरून नुसती बसून राहिली. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी कुणावर आरोप केला नाही, कुणाला काही विचारलंही नाही. तिला उचलून पदरात घेतलं.

"भाऊ, रजिस्टर आणता का? आत, माझ्या खोलीत, टेबलावर आहे. माझाही गुडघा आज वाकत नाही."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या बैठकीच्या पुढे कधी गेलो नव्हतो. आतल्या खोलीत जुना, उंच शिसवी पलंग होता. त्याच्या डोक्याकडच्या फळीला मऊ फ्लॅनेल गुंडाळून दोऱ्याने शिवलेलं होतं, पंजाची पकड नीट बसावी असं. फळीच्या मागे जमिनीवर कालचं वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर शीट. उशीवर पिवळं पीस. आणि खाली गुळगुळीत, गार मोझॅकची फरशी.

नोकरीत माझ्या नजरेतून पुष्कळ गोष्टी सुटल्या, वरिष्ठांनी तसं लेखीही दिलं होतं. पण हे माझ्याही लक्षात आलं.

रजिस्टर घेऊन बाहेर आलो आणि त्यांच्यासमोर बसलो. "ताई, सगळ्यांचे जबाब झाले. तक्रारदाराचा राहिला."

"तक्रारदाराची चौकशी होत नसते," त्या ताबडतोब म्हणाल्या. "पद्धत आहे तशी."

मी रजिस्टर उघडून पेनाचं टोपण काढलं. त्या दशहरीचा एकेक पंजा टॉवेलने टिपत राहिल्या. बराच वेळ टिपत राहिल्या.

"मी उतरवते तिला सकाळी," त्या म्हणाल्या. "उचलून, हळू. रोज."

"आणि तुम्हाला जाग यायच्या आधी तीच उतरत असेल तर?"

टॉवेल थांबला.

"आमचे साहेब वारल्यावर घर पहाटे फार चूप राहायचं, भाऊ. मीच उठायची, मीच दिवा लावायची. तोवर घरात कोणीच जागं नसायचं. ही डोक्याशी बसली की पहाटे घशातल्या घशात काहीतरी बोलते. मला अर्धवट झोपेत वाटते, कुणीतरी आपल्याआधी उठलंय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, चष्मा पुसला. "डॉक्टरपुढे कसं सांगू? एवढी मोठी बाई, कोंबडी घेऊन झोपते?"

मग त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं. माझं नाव खोडलं, तेही फूटपट्टी लावून. सुनंदाचं खोडलं. बोक्याचंही खोडलं. खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे 'खोटी माहिती दिली, दोष मान्य' असं लिहून सही केली आणि मला साक्षीदार म्हणून सही करायला लावली. मी सही केली. त्यांनी ती नीट निरखून बघितली.

दुपारी मी आणि सुनंदाने तो पलंग खोलून मागच्या खोलीत नेला. पलंग सुनंदाने नेला म्हटलं तरी चालेल, मी दिशा दाखवत होतो. ताईंनी मोझॅकवर जुनी सतरंजी पसरली, तिच्यावर आपली गादी. उशीपासून हातभर अंतरावर बुटका लाकडी खोका ठेवला, त्यात पेंढा दाबून दाबून भरला. दशहरीला त्यात ठेवलं. ती दोनदा गोल फिरायला गेली, जमलं नाही, मग होती तशीच बसली.

सुनंदाला राहवेना. "ताई, तिचं झालं. पण तुमचे गुडघे? जमिनीवरून सकाळी उठता येईल का तुम्हाला?"

ताईंनी खोक्यातला पेंढा पुन्हा एकदा नीट केला.

"तिलाही वेळच लागते," त्या म्हणाल्या. "जी आधी उठेल, ती दुसरीला उठवेल."