तात्यांच्या आवाजातली मंगलाष्टकं

"घसा बसला म्हणून काय लगीन थांबतंय व्हय? तात्या, आवाज मी देतो," असं पुतण्या अविराजनं छाती ठोकून सांगितलं, तेव्हाच मोहनतात्यांनी सावध व्हायला हवं होतं. पण थकलेला माणूस कुणावरही विश्वास ठेवतो.

बावड्यात लग्न म्हटलं की मंगलाष्टकांना तात्या, हे ठरलेलं. मुहूर्त टळला तरी चालेल, तात्या टळता कामा नयेत. बदल्यात टॉवेल, टोपी आणि उन्हातून परतीची वाट. शिवाय माइक हातात आहेच, तर 'मामांनी नवरीला घेऊन यावं', 'वाटेत गाड्या लावू नका', 'जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये' हेही त्यांनीच सांगायचं. सगळ्या पंचक्रोशीला त्या आवाजाची सवय झाली होती. तात्या उठा म्हणाले की लोक उठत, बसा म्हणाले की बसत. घरात मात्र हा नियम लागू नव्हता.

दुसऱ्यांची लग्नं लावता लावता, नेमका स्वतःच्या लेकीच्या लग्नाआधी तात्यांचा आवाज गेला. आल्याचा रस झाला, हळदीचं दूध झालं. तोंडातून नुसती हवा येत होती.

"माझं लगीन तुमच्याच आवाजात लागलं पायजे," एवढंच निकिताचं मागणं होतं. जन्मभर तिनं तो आवाज दुसऱ्यांच्या मांडवात ऐकला होता. तात्या रात्रंदिवस त्याच घोरात होते.

अविराज बारामतीत कॉम्प्युटरवर काम करायचा. त्यानं गावातल्या लग्नांचे व्हिडिओ गोळा केले, एआयला ऐकवले आणि तात्यांच्या आवाजात मंगलाष्टकं तयार करून आणली. पहिलं कडवं ऐकूनच तात्यांच्या बायकोनं, विजयमालाबाईंनी, डोळ्याला पदर लावला.

"आवं, तुमच्यापरीस ग्वाड म्हणतंय की."

तात्यांना आनंद झाला आणि जरा वाईटही वाटलं. पुढचं ऐकू या, असं त्यांनी खुणेनं सांगितलं.

"मशीन हाय तात्या, ते कशाला चुकतंय?" म्हणत अविराजनं लॅपटॉप मिटला.

मुहूर्त दुपारचा होता. नवरदेव सुयोगचं वऱ्हाड माळेगावहून निघालं ते वाटेत नाचत नाचत, दिवस कलल्यावर पोचलं. मांडव भुकेनं पेंगत होता आणि मागून रश्श्याचा वास येत होता. एकदाचा अंतरपाट धरला गेला. स्पीकरमधून तात्यांचा ऐन उमेदीतला आवाज निघाला आणि सगळे गप्प झाले. दोन कडवी सुरेख झाली. मग तिसरं आलं.

"पंक्ती मांडियल्या बसा सकल हो, कोणी न जावे रिते..."

चाल तीच, ठेका तोच. व्हिडिओंत तात्या अष्टकांबरोबर जेवणाचंही बोलले होते. मशीन बिचारं हुशार. त्यानं तेही शिकून वृत्तात बसवलं होतं.

मांडव उठला. तात्यांचा आवाज बसा म्हणतोय म्हटल्यावर कोण थांबतो? स्पीकरवालाही गेला. अविराज तर आधीपासूनच वाढप्यांवर देखरेख करत होता. तात्यांनी दोन्ही हात हलवून लोकांना थांबवायचा प्रयत्न केला.

"तात्या बगा किती आग्रह करत्यात," म्हणत उरलेलेही गेले.

अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना नवरा-नवरी हार धरून ताटकळत राहिले. सुयोगचे वडील रामहरीराव लालबुंद झाले.

"मोहनराव, लगीन लागायच्या आधी पंगत? ही रीत बावड्याची का तुमची?"

तात्यांनी तोंड उघडलं. हवा आली. स्पीकर तोवर मठ्ठ्याचं कडवं म्हणत होता. शेवटी गुरुजींनीच वायर उपटली.

"वेळ टळतेय. शेवटचं अष्टक कोण म्हणणार?"

तात्यांनी निकिताकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती, आणि हाराच्या फुलांवर टिपं पडत होती. तात्यांना ते बघवलं नाही. त्यांनी माइक घेतला. वंगण नसलेल्या बैलगाडीसारखा आवाज निघाला. सूर कुठल्या कुठे, अर्धे शब्द घशातच राहिले. पण 'शुभमंगल सावधान' त्यांनी पुरं केलं. अक्षता टाकायला उरल्या होत्या रंगूआत्या, ज्यांना ऐकूच येत नसल्यानं त्या जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी सगळ्या मांडवाच्या वाटणीच्या अक्षता एकटीनं टाकल्या.

"तात्या, मला ह्योच पायजे हुता," निकिता डोळे पुसत म्हणाली. तात्यांना भरून आलं. सगळ्या लग्नांचा शीण त्या एका वाक्यानं उतरला.

दुसऱ्या दिवशी भिगवणहून एका पाहुण्यांचा फोन आला.

"मोहनराव, म्होरल्या आठवड्यात पोराचं लगीन हाय. तुमी यायची तसदी घेऊ नका, निस्ता आवाज धाडा. आन् जेवणाचं कडवं तेवढं ठिवा बगा, लय झ्याक हुतं."

तात्यांना पुष्कळ बोलायचं होतं. पण उरलासुरला घसा कालच्या अष्टकात गेला होता. पलीकडच्यानं गप्प बसणं म्हणजे होकार समजून फोन ठेवला.