वयाचा पुरावा

डेट्रॉइटमध्ये गांजाची कायदेशीर दुकानं पुष्कळ, पण आमच्या दुकानात कुणाला परकं वाटलं तर नाव बदलून ठेवीन, असं मी पहिल्याच दिवशी मालकीणबाईंना सांगितलं होतं. मखमली खुर्च्या, मंद दिवे, व्हीलचेअरसाठी उतार, बहिऱ्यांशी खुणांनी बोलणारी मुलगी, सगळं माझ्याच डोक्यातलं. मी लेस्टर, तिथला स्वागत-व्यवस्थापक.

फेब्रुवारीतल्या एका कुंद सकाळी ऑस्गुड टिलरी आले. वय एक्क्याण्णव, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त, काठी टेकत बर्फातून चालत आलेले. दारावरच्या ड्वेनने त्यांचं लायसन्स यंत्राला दाखवलं. लाल दिवा लागला.

"मुदत संपलीय, आजोबा. चार वर्षं झाली."

"गाडी चालवायची सोडली तेव्हाच संपली. मी काय गाडी घेऊन आत येतोय?"

"एकवीस पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो."

आजोबांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "माझा धाकटा मुलगा पासष्टचा आहे."

"बरोबर आणलाय का?"

मी धावत गेलो आणि त्यांना दाराबाहेरच्या दालनात खुर्चीवर बसवलं. त्यांची बायको व्हर्लीन कॅन्सरने अंथरुणाला खिळली होती. सहा दिवस तिच्या पोटात अन्न नव्हतं. गांजाने भूक लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आजोबांनी खिशातून पेन्शनचा कागद काढला, चर्चचं सभासदपत्र काढलं, शेवटी लग्नाचा फोटो काढला.

ड्वेनने फोटो नीट निरखला. "यात तर तुम्ही अठराचे वाटता."

रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "मी घेऊन देते त्यांना." दुसऱ्यासाठी घेणं नियमात बसत नाही म्हणून ड्वेनने त्यांनाही बाहेर काढलं. मी मालकीणबाईंना फोन लावला.

"परवाना जाईल, लेस्टर. पण वागणूक चांगली दे हं त्यांना."

मी दिली. पायांवर शाल घातली, चहा आणला. त्याच दिवशी जाहिरातीसाठी फोटो काढायला एक मुलगी आली होती. मखमली खुर्चीत शाल पांघरून बसलेले आजोबा पाहून तिला भरूनच आलं. तिने फोटो काढले आणि एक कागद सहीला पुढे केला. आजोबांना वाटलं, आत सोडण्याचाच कागद आहे. त्यांनी सही केली. मी काही बोललो नाही, कारण मलाही तसंच वाटावं अशी माझी फार इच्छा होती.

अर्ध्या तासाने ते रिकाम्या हाताने गेले.

आठवड्याभरात आमच्या भिंतीवर दोन मजले उंच टिलरी आजोबा झळकले. खाली लिहिलं होतं, 'इथे सगळ्यांचं स्वागत आहे.'

मार्चअखेर ते पुन्हा आले, काळा कोट घालून. नवं ओळखपत्र होतं. हिरवा दिवा लागला. मला इतका आनंद झाला की मी दारातच त्यांचा हात धरला.

"या आजोबा, काय देऊ?"

"काही नको. व्हर्लीन गेली. तीन आठवडे झाले."

मी त्यांचा हात सोडला. "शेवटी खाल्लं का काही?"

"खाल्लं. कोपऱ्यावर चोरून माल विकणाऱ्या एका माणसाने घरी आणून दिला. त्याने माझं वय नाही विचारलं, तिची तब्येत विचारली. दोन वाट्या पीचचा गोड पदार्थ खाल्ला तिने. वर आणखी मागितला."

"मग आज?"

"तो भिंतीवरचा फोटो उतरव. मी चर्चचा माणूस. तिच्या अंत्यविधीला लोक गळ्यात पडायचे आणि हळूच विचारायचे, कुठला माल चांगला. तक्रार करायला दोनदा आलो, पण याने दारातूनच परत पाठवलं. म्हणून तर कार्ड काढलं."

ड्वेन बुटांकडे बघायला लागला. मी आत जाऊन मालकीणबाईंना विचारलं. फोटो वापरण्याचा करार वर्षभराचा होता, सही स्पष्ट होती. आणि हे बाहेर जाऊन सांगणं अर्थातच स्वागत-व्यवस्थापकाचं काम होतं.

आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत येईन. तोवर चालेल ना हे?"

ड्वेनने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "चार वर्षं चालेल."

"कार्डाचं ठीक आहे रे," आजोबा काठीवर भार देत म्हणाले.