बीएसएच्या फ्रेमला गेलेली चीर

"मी जुन्या गाडीकडे असा बघतो, की मालकालाच तिची लाज वाटायला लागते!"

हे वाक्य प्रशांत बिवलकरांनी घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात, मिसळीचा रस्सा दुसऱ्यांदा मागवता मागवता टाकलं. ऐकणारी सगळी मंडळी ब्रिटिश मोटरसायकलींच्या नादाला लागलेली. आजोबांच्या वयाच्या, तेल गळणाऱ्या विलायती गाड्या शोधायच्या, विकत घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, आणि घरी सांगताना किंमत निम्मी सांगायची, हा त्यांचा कुळाचार. त्यातला पहिला नियम असा, की सौदा होईपर्यंत गाडीसमोर हसायचं नाही. मालकाला तुमचे दात दिसले, की भाव चढलाच! कॉलेजपासून जिचा फोटो पाकिटात ठेवला ती गाडी साक्षात समोर आली, तरी चेहरा असा ठेवायचा, की कुणी कालची पिठल्याची वाटी पुढे सरकवली आहे.

बिवलकर या विद्येत सगळ्यांचे गुरू. विमा कंपनीत लोकांच्या दाव्यांत खोट काढण्यात त्यांची अर्धी हयात गेलेली. धडधाकट वस्तूत दोष दिसणं ही त्यांची नोकरी, आणि तो तोंडावर सांगणं हा त्यांचा स्वभाव. त्यामुळे कल्याणला कोळसेवाडीत एक जुनी लष्करी बीएसए मोटरसायकल आहे, ही बातमी ग्रुपवर आली तेव्हा कुणाला पाठवायचं यावर चर्चाच झाली नाही.

"दादा, मालकाने तरुणपणी घेतली ती आजवर त्याच्याकडेच आहे," ग्रुपचा ॲडमिन हर्षित म्हणाला. "पोराबाळासारखी ठेवलीय म्हणे. तिथे ढिले पडू नका."

"अरे, तू फक्त बघत राहा!"

मालकांचं नाव चांगदेव ओव्हाळ. अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर होऊनही जमाना झालेला. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा जाड चष्मा. त्यांनी गाडीवरची चादर अलगद काढली, आणि बिवलकरांच्या छातीत एकदम लग्नाचा बँड सुरू झाला! मूळ रंग, मूळ टाकी, स्प्रिंगची मूळ सीट! जगात आता आणखी काही बघायचं राहिलं नाही, असं त्यांना वाटलं.

"हं," ते म्हणाले. पिठल्याच्या वाटीकडे बघून म्हणतात तसं.

"केशरला हिच्यावरूनच लग्न करून आणलेलं," चांगदेवकाका म्हणाले. दारात उभ्या असलेल्या केशरबाई हसल्या. "शालूचा काठ सायलेन्सरला लागून जळला. तो तिने अजून ठेवलाय. मी आजही हिला रोज शीळफाट्यापर्यंत फिरवून आणतो. कंटेनरवाले मागून हॉर्न मारतात. मी म्हणतो, मार बाबा, तुला घाई आहे!"

केशरबाईंचं हसू मावळलं.

बिवलकरांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. पेनाने टकटक केलं. मग मोबाइलचा टॉर्च लावून सरळ जमिनीवर आडवे झाले. टाकीच्या खाली, फ्रेमच्या नळीवर, केसाएवढा एक चरा दिसला. नुसता रंगावरचा. पण अनुभवी माणसाला तेवढा पुरतो!

"अरेरेरे!"

"काय झालं?"

"काका, फ्रेम तडकलीय."

"वेल्डिंग करून घेऊ की."

"जुनं लोखंड. जोड धरत नाही."

"मग दुसरी फ्रेम?"

"विलायतेतसुद्धा मिळत नाही." बिवलकर दुरुस्तीचं एकेक दार स्वतःच्या हाताने लावून घेत होते, आणि प्रत्येक दाराबरोबर त्यांना किंमत खाली उतरताना दिसत होती. "धावत्या गाडीचे कधी दोन तुकडे होतील, सांगता येणार नाही. मी आपली शोभेला म्हणून घेईन. भंगाराच्या भावाने."

यानंतर मालक चिडतो, मग घासाघीस होते, मग चहा येतो. रीतच आहे. पण काका चिडले नाहीत. ते टाकीवर हात ठेवून नुसते उभे राहिले. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा हात. बिवलकरांनी नजर दुसरीकडे वळवली. तिकडे केशरबाई होत्या. मग बिवलकरांनी ती आणखी तिसरीकडे वळवली.

"साहेब," शेवटी काका म्हणाले, "आजवर जो आला त्याने हिचं कौतुकच केलं. खरं कुणीच सांगितलं नाही. आम्ही बुद्धाची माणसं, खोटं बोलायचं नाही हे आमचं चौथं शील. रोज म्हणतो. पण पाळणारा असा समोर उभा राहिलेला आज बघितला! न्या गाडी. पैसे नकोत. मोडकी वस्तू विकणारा माणूस मी नाही."

फुकट! बिवलकरांना थोडी लाज वाटली, पण आनंदाच्या गर्दीत तिला बसायला जागा मिळाली नाही. त्यांनी टांग टाकली आणि किकवर पाय ठेवला.

"अहो, अहो! काय करताय? फ्रेम तडकलीय!"

"हळूहळू नेतो ना, काका..."

"घरी बायको आहे?"

"आहे."

"मग उतरा खाली!"

"टेम्पो बोलावतो."

"आणि हादऱ्याने चीर वाढली म्हणजे? तुम्हीच म्हणालात, भरवसा नाही. ढकलतच न्यायला पाहिजे. आम्ही येतो सोबत."

अशी ती वरात निघाली. कोळसेवाडीहून डोंबिवली, भर उन्हात. पुढे एखाद्या म्हशीएवढ्या वजनाची बीएसए ढकलणारे बिवलकर, मागे रिक्षात काका-काकू. रिक्षाबाहेर काकांचं डोकं.

"खड्डा! साहेब, खड्डा! उचलून घ्या!"

एक स्कूटरवाला पोरगा बाजूला आला. "अंकल, पेट्रोल संपलं काय?"

"नाही."

"प्लग गेला?"

"नाही."

"मग गाडीला झालंय काय?"

"गाडीचं काही विचारू नकोस रे!" रिक्षातून काका गरजले. "साहेब खरं बोलले, म्हणून ढकलतायत!"

पोराने बिवलकरांकडे आदराने बघितलं. "पाय लावू का मागून?"

"चीर आहे!" काका ओरडले, आणि तोही आधार गेला.

टाटा नाक्यावर बिवलकरांनी गाडी कडेला लावली. त्यांचं मन आधी विरघळलं की गुडघे, हे आपण विचारू नये.

"काका, मी खोटं बोललो. फ्रेमला काही झालेलं नाही. रंगाला नुसता चरा आहे. गाडी सोन्यासारखी आहे. मला स्वस्तात पाहिजे होती, म्हणून..."

काकांचे डोळे भरून आले. "केशर, बघतेस ना? माझं तोंड उतरलेलं बघवेना, तर माणूस स्वतःलाच खोटारडा म्हणवून घेतोय!"

"अहो, खरंच! आईची शपथ!"

"आईला कशाला मध्ये आणताय? बसा. रस आणतो तुमच्यासाठी." आणि डोळे पुसत ते गुऱ्हाळाकडे गेले.

बिवलकर फुटपाथवर बसले. केशरबाई रिक्षातून जरा पुढे वाकल्या.

"तो चरा माझा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "डब्याचं झाकण लागलं होतं."

"काकू! तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"बोलू कशाला? धड दिसत नाही, मागचा हॉर्न ऐकू येतो कंटेनर पुढे गेल्यावर, आणि रोज शीळफाटा! मुलगा सांगून थकला, डॉक्टर थकले. ते घरी येईपर्यंत माझा जीव दारात. गाडी धड आहे तोवर ते उतरणार नव्हते. तुम्ही आलात आणि एका वाक्यात उतरवलंत. मी म्हटलं, बोलतोय खोटं तर बोलू दे."

"पण मी खोटं बोलतोय, हे कळलं कसं?"

"अहो, आमचा जावई मुलगी बघायला आलेला तेव्हा अस्संच तोंड करून बसलेला. सुपारी कडू लागल्यासारखं! निघताना चप्पल घालायची विसरला."

घोडबंदर रोडवर नावाजलेला तो दगडी चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"आता एवढं करा," केशरबाई म्हणाल्या. "चीर राहू द्या. ते आहेत तोवर."

"म्हणजे साधारण..." असं विचारून बसल्यावर बिवलकरांनी जीभ चावली.

"माझे सासरे नव्वदीत गेले," केशरबाई शांतपणे म्हणाल्या. "तेही आंब्याच्या झाडावरून पडून."

तेवढ्यात काका ग्लास घेऊन आले. "बर्फ नाही घातला. घामाघूम आहात, बाधेल."

तो रस बिवलकरांनी कसा प्यायला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

गाडी आता डोंबिवलीत त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे. रोज पुसली जाते. बाहेर जात नाही. ग्रुप एकदा गाडी बघायला आला, तेव्हा नेमके काका हजर. त्यांनी सगळ्यांना उभं करून बिवलकरांच्या सचोटीवर भाषण दिलं. पहिला नियम पाठ असलेली ती सगळी मंडळी आपापल्या बुटांकडे बघत राहिली. हर्षितला अचानक खोकला आला, आणि तो गेटबाहेर जाऊन बराच वेळ खोकला.

काका दर रविवारी येतात. स्टँडवर चालू करायला हरकत नाही, ही तडजोड त्यांनीच शोधून काढली. पुढे ते बसतात, मागच्या गादीवर बिवलकर. काका गिअर टाकतात, मागचं चाक अधांतरी गरगर फिरतं, धप् धप् आवाजाने अख्खं पार्किंग हलतं आणि बीएसए आहे तिथेच राहते. बिवलकर हेल्मेट घालतात, काळ्या काचेचं. सोसायटीतल्या लोकांनी ओळखू नये म्हणून.

"बघा!" काका वॉचमनला सांगतात. "उभ्या गाडीवर हेल्मेट! याला म्हणतात माणूस!"

परवा बिवलकरांच्या बायकोने, मृणालवहिनींनी, गॅलरीतून हाक मारली, "अहो, पोहे झालेत! कुठवर पोचलात?"

"मुरबाड दिसायला लागलं, सूनबाई!" काकांनी ओरडून सांगितलं, आणि वळण आलं म्हणून उजवा हात बाहेर काढला.

मागे बिवलकर मुकाट्याने उजवीकडे कलले.